एकशेदहाचं यंत्र

अमरावती,
संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस, १९६४

ती. उद्धवदादा यांच्या चरणी मोरोपंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या आशीर्वादाने इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पत्र पुरतं वाचून झाल्यावर ते वाक्य आपण खोडलंत तरी माझी हरकत नाही. चि. प्रमोदिनीची प्रकृती कशी आहे? बाळ घरच्यांना झोपू देतं का? बाळंतिणीला डिंकाचे लाडू तिची आत्या नेमानं देत असेलच (त्यातले एकदोन आजोबांकडेही वळत असतील, वकीलसाहेब, आपल्या गुडघ्यांना ते फार मानवतात). वहिनींचा दमा थंडीत उचल खातो, त्यांना जपावं. आणि आपली बहीण, आमची सौ. विमल? बाळंतपणासाठी म्हणून तिकडे आली त्याला महिना होत आला. तिच्या छातीतली धडधड कमी आहे ना? औषध ती आपणहून घेत नाही, समोर उभं राहून द्यावं लागतं. इथं असताना मीही कधी उभा राहत नसे, ही गोष्ट वेगळी.

मी ठीक आहे. मुलांना त्रैराशिक येत नाही आणि मला चहा येत नाही, अशी आमची दोन्ही आघाड्यांवर सारखीच प्रगती आहे. जेवणाचं शेजारच्या बेबीताई बघतात. विमल निघताना त्यांना कुंपणापाशी उभं राहून सांगून गेली होती की मास्तरांच्या पोटाकडे लक्ष असू द्या. त्या बाईंनी ते इतकं मनावर घेतलं आहे की रोज संध्याकाळी कुंपणावरून एक तरी वाटी इकडे येतेच. या बेबीताईंना विसरू नका, त्या पुढे येणार आहेत.

आता मूळ विषयाकडे वळतो (वकिलाला लिहिताना विषय लवकर काढावा, नाहीतर तो पुढची तारीख देतो). आपला चि. हरिहर अमेरिकेतून शेतकीचं शिकून आला तेव्हा त्यानं आपल्याला पेन आणलं, मला लोकरी मोजे आणले आणि लाडक्या आत्याला आणलं मेंदी कापायचं विजेचं यंत्र. पुढे हातभर लांब दातेरी पातं, मागे धातूचं पोट, त्या पोटात मोटर. आमच्या घराभोवतीची मेंदी विमलनं लग्नानंतर वर्षाच्या आत आपल्या अकोल्याच्या परसातल्या काड्या आणून लावली, हे आपण जाणताच. गल्लीतल्या किती नवरीमुलींच्या हातांवर तिचा रंग चढला असेल, देव जाणे. भाच्यानं ती मेंदी आठवून साता समुद्रापलीकडून यंत्र आणलं, याचं तिला काय वाटलं ते मी सांगायला नको. खंडेनवमीला तिनं ते माझ्या कंपासपेटीशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. माझ्या कंपासपेटीला त्या वर्षी फूल मिळालं नाही.

हरिहरनं मला बाजूला घेऊन नीट बजावलं होतं. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची. तेव्हा दाब निम्मा करणारा ट्रान्सफॉर्मर मी मुंबईहून पाठवीन, तोवर यंत्राला हात लावायचा नाही. याचं पोट धातूचं, म्हणून तिसरी हिरवी तार जमिनीत गेलेल्या तारेला जोडलीच पाहिजे, म्हणजे आत काही बिघडलं तर वीज माणसात न शिरता मातीत जाईल. आणि झाड ओलं असताना तर हे चालवायचंच नाही. मास्तरकीत ऐकवायची सवय जडते, ऐकायची राहत नाही. तरी मी हे सगळं कान देऊन ऐकलं. घोटाळा ऐकण्यात झाला नाही. घोटाळा नंतर विचार केल्यामुळे झाला.

रथसप्तमीला विमलचं हळदीकुंकू. त्याच्या आधी ती परत येणार, आणि इकडे मेंदी अशी माजलेली की रस्त्यानं जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या टोप्या काढून घेत होती. मी ती कापायची हे विमल दिवाळीपासून सांगत होती. दादा, इतक्या वर्षांच्या संसारात तिनं दोनदा सांगितल्याशिवाय मी एकही काम केलेलं नाही, आणि दोनदा सांगून केलेलंही फारसं नाही. या खेपेला वाटलं, ती टांग्यातून उतरेल तेव्हा मेंदी फूटपट्टीनं आखल्यासारखी उभी असावी. एकदा तरी तिनं न बोलता नुसतं बघत राहावं.

ट्रान्सफॉर्मरचा तर पत्ता नव्हता. पण मी गणिताचा मास्तर. आमच्या घरामागे कापसाचं जिन आहे. हंगामात त्याच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या गल्लीतले दिवे पिवळे पडतात, आणि दिवेलागणीला सगळ्या घरांतले दिवे त्यांत मिळाले की बल्बाखाली बसून बल्बच शोधावा लागतो. म्हटलं, दाब उतरवणारं यंत्र मुंबईहून कशाला मागवायचं, ते तर परसामागे सबंध इमारतीएवढं उभं आहे! शाळेच्या प्रयोगशाळेतून व्होल्टमीटर आणला. दुपारी जिनाच्या जेवणसुटीत काटा दोनशेतीसच्या आसपास, संध्याकाळी एकशेतीसच्याही खाली. वरच्या दहावीस व्होल्टांना मी ग्रेसचे मार्क समजलो (अशी उदारता मी विद्यार्थ्यांशी कधी दाखवली नाही, त्यांचे तळतळाट भोवले असतील).

राहिली जोडणी. यंत्राच्या शेपटीला तीन पायांचा अमेरिकन प्लग, आमच्या भिंतीला दोन भोकं. प्लग छाटून टाकला, दोन तारा व्हरांड्यातल्या दिव्याच्या वायरीला पिळून बसवल्या आणि वर चिंधी गुंडाळली. हिरव्या तारेला काही काम दिसेना, म्हणून तिची छानशी गाठ मारून ठेवली. पहिल्या चाचणीत घरातला फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. फ्यूजची तार केसासारखी बारीक असते, ती तुटणारच, असं म्हणून मी तिथं बादलीच्या कडीची जाड तार घातली. ती उडाली नाही. मला फार आनंद झाला. दारावर भुंकणारं कुत्रं बांधून ठेवून घर सुरक्षित झालं म्हणण्यातला तो आनंद होता, हे आज कळतं.

एवढं करून मेंदीवर चांगली बादलीभर पाणी मारलं. पानांवरची धूळ धुतली म्हणजे पातं बोथट होणार नाही, हाही विचारच.

ठरलेल्या दिवशी संध्या उरकून, खडावा न काढता तसाच कुंपणाशी गेलो. मागे जिन घरघरत होतं, दिवे पिवळे होते, काटा आज्ञाधारक मुलासारखा खाली बसलेला होता. खटका दाबला. दादा, काय चाललं ते यंत्र! मेंदीचे शेंडे अक्षतांसारखे उडू लागले. फाटकापासून विहिरीपर्यंतची मेंदी मी एका दमात सपाट केली. त्या वेळी आपण असायला हवं होतं. नव्हतात ते बरंच झालं.

कारण मध्येच जिन थांबलं. एरवी ते दिवे लागून गेले तरी कितीतरी वेळ चालतं. पण त्या दिवशी भोगी होती. जिनात बहुतेक बायाच कामाला, त्यांना संक्रांतीचं करायला लवकर सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी आहे एवढं मला ठाऊक होतं. कशाची, ते ठाऊक नव्हतं. विमल घरात असती तर तीळ भाजल्याच्या वासानंच मला कळलं असतं. तिच्यावाचून माझ्या घरात सण येत नाही, नुसती तारीख येते.

जिनाच्या मोटारी थांबल्या आणि गल्लीतले दिवे एकदम पांढरेशुभ्र झाले. यंत्र माझ्या हातात किंचाळलं. पोटातून धूर आला, जळक्या रबराचा वास आला आणि मला आवरेना तसं ते सरळ मेंदीच्या आत घुसलं. आता त्या मेंदीच्या पोटात एक जुनी काटेरी तार आहे, रोपं लहान असताना गाईगुरांसाठी बाभळीच्या खुंटांवर ओढलेली. पातं त्या तारेवर जाऊन टेकलं आणि यंत्राच्या पोटातली सुटी वीज तारेत उतरली. मला काही झालं नाही. मूठ बेकलाइटची, म्हणजे वीज न वाहणारी, होती आणि पायात लाकडी खडावा होत्या. त्या क्षणी मला ती माझ्या संध्येची पुण्याई वाटली.

तार मेंदीतून पार पलीकडे, बेबीताईंच्या अंगणापर्यंत जाते आणि तिथं मेंदी विरळ असल्यानं उघडी पडते. त्यांनी नुकताच सडा घातला होता. अनवाणी पायांनी त्या एका हातात भोगीच्या भाजीची वाटी घेऊन मला हाक मारायला आल्या होत्या आणि दुसरा हात रोजच्यासारखा तारेवर ठेवत होत्या.

त्या मागे फेकल्या गेल्या. मी ते पाहिलं, दादा. तेवढ्यात खांबावरचा फ्यूज जाऊन सबंध गल्ली काळोखात बुडाली, आणि त्या काळोखात मी मास्तर, पदवीधर, व्होल्टमीटर वाचणारा, "बेबीताई, बेबीताई" एवढंच ओरडत उभा राहिलो. माणसं कंदील घेऊन धावली. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं मातीत बसवा, कुणी माझंच मनगट धरून नाडी बघू लागलं. शेवटी कंदिलाच्या उजेडात बेबीताईच उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, अगुदर वाटी पाहा वो कुठी पडली थे. विमलताईची हाये."

डॉक्टर आले. हात सुजला आहे, बोटांना मुंग्या येतात, पण धोका नाही म्हणाले. मी समोर मान खाली घालून बसलो होतो. बेबीताईंना वाटलं मी त्यांच्या हाताची काळजी करतो आहे. माझी समजूत घालायला म्हणून त्या म्हणाल्या, "कावून एवढं तोंड पाडून बसले तुमी? मी घट्टी हावो, मले काई नाई होत. बरं झालं का आज विमलताई नवती. तिच्या छातीत तं पयलेच धडधड."

दादा, रोज सकाळी विमल त्याच जागी उभी असते. त्याच तारेवर हात ठेवून दोघींचं बोलणं चालतं, आणि मी आतून ओरडतो की चहा कुठे आहे. बेबीताई हे सहज बोलून गेल्या. मला मात्र ते त्या दिवसापासून सोडत नाही. जे मी तिच्या आनंदासाठी करायला गेलो, त्यानं तीच गेली असती. आणि ती नव्हती तरी जिला बसायचं तिला बसलंच. त्यांना झालं म्हणून बरं झालं, असं म्हणायची मला लाज वाटते.

सारांश असा. मेंदी फाटकापासून विहिरीपर्यंत तासलेली, पुढे मध्ये काळी होरपळलेली आणि पलीकडे होती तशी झिपरी आहे. अर्ध्यात हजामत सोडून न्हावी पळाल्यावर गिऱ्हाईक दिसेल तसं माझं घर दिसतं. हरिहरचं यंत्र गेलं. ते दुरुस्त होण्यासारखं नाही, झालं तरी मी हात लावणार नाही. जाड तार काढून फ्यूजात पुन्हा केसासारखी बारीक तार घातली आहे. तुटण्यासाठीच ती असते, एवढं गणित मला या वयात सुटलं. बाळाला अनेक आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानं आटू नये.

आपला,
मोरोपंत

ता. क. हे पत्र विमलच्या दृष्टीस पडू देऊ नये. मुख्य विनंती अशी की बाळंतिणीला आत्याची फार गरज आहे असं काहीतरी सांगून तिला पाडव्यापर्यंत तिकडेच ठेवून घ्यावं. तोवर मेंदी फुटेल. रथसप्तमीचं हळदीकुंकू तिनं अकोल्यालाच करावं. आपण वकील आहात, आपल्याला कारणं सुचतात.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समजावी. पाडवा फार लांब आहे. मेंदी दिसायची तशी दिसो.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायला म्हणून निघालो आणि अकोल्याच्या मोटारीत येऊन बसलो आहे (अक्षर हलतं आहे ते त्यामुळे, रडतोय असं समजू नये). तेव्हा हे पत्र मीच आपल्या हातात देईन, आणि आपण ही ओळ वाचत असाल तेव्हा मी समोरच्या खुर्चीवर बसलेला असेन. माझ्याकडे बघू नका. उठा, आत जा आणि विमलला सगळं सांगा. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. ती बाहेर येऊन बोलेल, पुष्कळ बोलेल. आपण मध्ये पडून तिला थांबवू नये. तेवढंच ऐकायला अमरावतीहून आलो आहे.