आधी दाखवा, मग धुवा

३ एप्रिल
पार्से गावात खोली मिळाली! मी गडहिंग्लजची ज्योती, पेडण्याच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाले. घरमालक जयरामकाका आणि प्रभावतीबाई, दोघंच. सकाळी दारात गरम पोई, इथला पाव, येते, काजूच्या बोंडांचा वास घरभर असतो. प्रभावतीबाई दुपारी न सांगता माझ्या खोलीची जमीन पुसतात. एवढे लाड माझ्या आईनेही केले नव्हते.

६ एप्रिल
रक्ताची उलटी झालेला रुग्ण कसा सांभाळायचा, ते क्षमा सिस्टरनी शिकवलं. कुशीवर निजवा, तोंडाने पाणीसुद्धा नको, दोन्ही हातांत जाड सुई, सलाईन, रक्ताची सोय, मग पोटात दुर्बीण घालून तपासणी. आणि घरच्यांना बजावा: उलटी आधी दाखवा, मग धुवा. लोक लाजेपोटी धुऊन टाकतात आणि पित्त झालं म्हणून सांगतात. रुग्ण उचलून कंबर गेलीय. आजही उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेतली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

११ एप्रिल
पुसलेल्या जमिनीवर पलंगापाशी रोज लाल ओल येते. कोकम म्हणावं, तर वास रक्ताचा. तो मला कळतो. जयरामकाकांना विचारलं, तर ते पायरीवरच बसले. त्यांचा झील, म्हणजे मुलगा सर्वेश, गेल्या वर्षी याच खोलीत रक्त ओकला. दारूचं नाव होऊन नाचक्की नको म्हणून आईने सगळं पुसलं आणि डॉक्टरांना पित्त सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या इस्पितळाच्या वाटेवर तो गेला. काका रडले. मलाही आवरलं नाही.

१४ एप्रिल
आज ओलीला बोट लावलं. कोमट होती. प्रभावतीबाई सर्वेशशी बोलत पुसत होत्या. खोली सोडायची आहे, पण त्या माउलीला सांगू कसं? मला शौचाला डांबरासारखं काळं झालं. लोहाच्या गोळ्या घेतेय, त्यांनी असेल—

१६ एप्रिल
उलटी. लाल. माझीच. १०८ ला फोन केलाय. काका बाहेर गेलेत. कुशीवर आहे. आता आवाज फुटत नाही, म्हणून लिहितेय. डॉक्टरांसाठी— पातेलंभर, गाठी—

प्रभावतीबाई बादली घेऊन आल्या. पुसू नका म्हणून हात हलवला. मायेने हसल्या. ह्यां सर्वेशाचां गो बाय, तुजां न्हय—

पुसलं. सगळं. माझं तोंडही.

गाडी आली. बाई फाटकाशी गाडीवाल्यांना सांगताहेत. आमचो झील गेल्या वर्साच गेलो, आता हंयसर आजारी कोणूच—