पाचशे तेरावा सामना

क्रॉसबर्न, लँकेशायर
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय ग्लेनिस,

हॅलिफॅक्सला अजून बर्फ असेल. इथे नुसता चिखल आहे. तू, ग्रॅहम आणि मुलं बरी असाल. चार वर्षांत नाताळच्या कार्डावर आमची तीन नावं सोडून मी तुला काही लिहिलं नाही, आणि तीसुद्धा लिनेटच लिहायची. म्हणून माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही.

लिनेट आता वाचनालयात कामाला जाते. इमोजेन दहा वर्षांची झाली, उंचीने तुझ्यावर गेली आहे आणि वाद घालण्यातही. ती रविवारी सकाळी मुलींच्या संघात खेळते. बचावातच, मी काही न सांगता.

क्लबचं यंदा बरं चाललंय. आपण तिसरे आहोत. पहिल्या तिघांत राहिलो तर वरच्या विभागात जाऊ, बावीस वर्षांनंतर. बाबा या क्लबकडून खेळले त्या पंधरा वर्षांत हे एकदाही झालं नाही, ते तुला माहीतच आहे. सामन्याला येतात तीनच हजार माणसं, पण ती हल्ली वेळेवर येतात आणि शेवटपर्यंत थांबतात.

माझे एकूण पाचशे बारा सामने झाले. सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबने 'पाय जड आहेत' म्हणून घरी पाठवलं तेव्हा तू मला बसस्टॉपवर घ्यायला आली होतीस. त्या पायांवर अठरा वर्षं निघाली. तीन क्लब, तीनदा मोडलेलं नाक, एकोणीस गोल. त्यातले चौदा डोक्याने.

गेले तीन आठवडे मी खेळलो नाही. विशेष काही नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तुलाही तेच लिहिणार होतो. हा कागद तिसरा आहे, आधीचे दोन इथवर येऊन फाडले.

फेब्रुवारीत घरच्या सामन्यात एका कॉर्नर किकला समोरच्या संघाच्या आघाडीच्या खेळाडूचं आणि माझं डोकं आपटलं. आमच्या फिजिओने विचारलं, वार कोणता. मी बरोबर सांगितला, कारण आमचे सामने शनिवारीच असतात. मध्यंतरानंतर मैदानात आलो आणि सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, त्यांच्या गोलसमोर. आमचा गोलकीपर विल्फ लांबून ओरडला, "नेव, तिकडचे जास्त पैसे देतात का रे?" सगळे हसले. मीही हसलो, मुद्दाम केल्यासारखं, आणि परत आलो. सामना आपण जिंकला. घरी येताना आमच्या गल्लीचं वळण मला सापडलं नाही. अकरा वर्षं त्या घरात राहतोय. चिप्सच्या दुकानासमोर गाडी लावून पंधरा मिनिटं बसलो. मग वळण आपोआप आठवलं.

हे पहिल्यांदा नव्हतं. सोमवारची डोकेदुखी तर दोन वर्षांची आहे. इमोजेनच्या बाईंचं नाव मी तिला चारदा विचारलं होतं.

त्या संध्याकाळी मला बाबा दिसत होते. सुरुवातीचे, किटली फ्रिजमध्ये ठेवणारे नव्हेत. नंतरचे, खिडकीशी बसलेले, मला 'साहेब' म्हणणारे. आणि त्यांच्यामागे तू दिसत होतीस, क्लबच्या हॉलमध्ये, त्यांना पुरून आल्यावर, हातात सँडविचची ताटली. सगळ्या जुन्या खेळाडूंसमोर तू म्हणालीस, "त्या बॉलने बाबांचा मेंदू खाल्ला. आता हा रांगेत आहे." मी तुला दार दाखवलं. "तू कॅनडात मजेत होतीस, त्यांचं तोंड कोण पुसत होतं?" असं मी म्हणालो. ग्लेनिस, तोंड लिनेट पुसत होती. मी सरावाला जायचो. सराव नसायचा तेव्हाही जायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या सामन्यानंतरच्या मंगळवारी मी आमचे मॅनेजर टॅटरसॉल यांना गाठलं. माणूस वाईट नाही. त्यांनी दार लावून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाले, "तेरा सामने उरलेत, नेव. तुझा करार जूनपर्यंत आहे. जमलं तर डोकं घालू नकोस, पायाने भागव."

मी म्हणालो, "मधला बचावपटू डोकं न घालता काय करतो?"

आधी घरी सांगून बघ, ते म्हणाले.

लिनेट बटाटे सोलत होती. मी दारात उभं राहून सगळं एका दमात सांगितलं, विल्फच्या विनोदासकट. तिने सुरी खाली ठेवली नाही. "नाताळपासून वाट बघतेय," ती म्हणाली. "मी विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग ते नाहीच राहिलं असतं." मग मात्र ती रडली, आणि बटाटे मी सोलले.

मँचेस्टरला तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई तरुण आहेत, फुटबॉलमधलं काही कळत नाही, ते बरंच वाटलं. बाबांना होतं तसं काही आत्ता तरी दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. वचन देत नाहीत. आणखी एक मार मात्र नको, अजिबात नको. पाचशे तेरावा सामना नाही, एवढं मी त्यांच्यासमोरच मनात म्हटलं. बाहेर येऊन आम्ही दोघांनी उभ्याउभ्या मटण भरलेले गरम पॅटिस खाल्ले. मला इतकी भूक कधी लागली नव्हती.

या गुरुवारी खेळाडूंना सांगितलं, आता मी खेळणार नाही. विल्फ सगळ्यांत शेवटी आला आणि 'मी तेव्हा हसलो' एवढंच म्हणाला. काल मी इमोजेनबरोबर पहिल्यांदा स्टँडमध्ये बसलो. माझ्या जागी डंकन पिकप खेळला, तिशीचा, तीन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसून होता. त्याने एक बॉल गोलरेषेवरून पायाने काढला तेव्हा मी उभा राहिलो होतो. आपण एक-शून्यने जिंकलो. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पहिली वीस मिनिटं वाईट गेली, मग मी सामना बघायला लागलो.

आणि आज सकाळी मुलींच्या संघाला शिकवायला सुरुवात केली. पहिलाच नियम सांगितला, बॉल डोक्याने मारायचा नाही. एक बाप कुंपणाशी येऊन म्हणाला, "तुम्ही स्वतः पाचशे सामने डोक्यानेच खेळलात की."

"म्हणूनच," मी म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि मुलीचं जॅकेट धरून उभा राहिला. उन्हाळ्यात मी प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसतोय. अभ्यासाची पुस्तकं लिनेट आणते आणि रोज मला प्रश्न विचारते. काल दहापैकी नऊ आले.

आता कामाचं. डॉक्टरबाईंना बाबांचं सगळं पहिल्यापासून हवंय. पहिल्यांदा काय विसरले, कोणत्या वर्षी, राग कधी वाढला. लिनेटला शेवटची वर्षं माहीत आहेत. सुरुवातीचं मला सांगता येईना. हे विसरलेलं नाही, घाबरू नकोस. मी तेव्हा बघितलंच नव्हतं. बघायचं नाही असं ठरवलं होतं. तू सुट्टीला यायचीस तेव्हा तुला दिसायचं आणि तू बोलायचीस, म्हणून मला तुझं येणं नकोसं व्हायचं.

तुला आठवेल ते सगळं लिहून पाठव. टोचेल असंही लिही. त्याहून बरं म्हणजे ईस्टरला ये. डॉक्टरांची तारीख तेव्हाचीच आहे, आणि तू बरोबर असलीस तर मी उत्तरं गोड करून सांगणार नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये तू खरं बोललीस, ग्लेनिस. मला तेव्हाच कळलं होतं.

तुझा भाऊ,
नेव्हिल