दिवाळीनंतर, किमती उतरल्यावर

प्रिय बाळू,

कॉम्प्युटरचा कोणता भाग कसला घ्यायचा याची तू केलेली यादी आज सकाळी शैलानं माझ्या हातात ठेवली. "भावजी, तुमच्या भावाचं काम आता मी करणार. मशीन घ्यायला माझ्यासंगं चला," म्हणाली. गेलो. परत येताना तिनं एक प्रश्न विचारला आणि मी खोटं बोललो. म्हणून हे पत्र.

तू जाऊन सहा महिने झाले, पण सांगलीत मला मान वर करून चालता येत नाही. हळदीच्या पेठेत दर दुसऱ्या दुकानाच्या बोर्डावर तुझं अक्षर. अनुस्वाराचं टिंब तू चौकोनी द्यायचास. ती टिंबं माझ्याकडे बघतात. साताऱ्याला ऑफिसात बसलो, की आमच्या पेपरच्या मथळ्यांतली गोल टिंबं चुकलेली वाटतात.

आठवतं, शिडी सोडून बोर्डांची अक्षरं घरी बसून कॉम्प्युटरवर काढायची म्हणून उन्हाळ्यात तू मला यादी वाचून दाखवलीस? प्रोसेसर मधला चालेल, पण मदरबोर्ड उत्तम हवा, पुढे मेमरी वाढवायला जागा रिकामी असलेला. पॉवर सप्लाय दणकट. मॉनिटर सतरा इंची. "दादा, बोर्डाचा पत्रा जाड घ्यायचा. रंग काय, परत देता येतोय."

"आणि हे वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला? अक्षरं काढायला?"

"गाड्या पळवायच्या खेळाला. वीस वर्सं शिडीवर उभा हाय मी. आता जरा बसून पळू दे की."

तू आखलेल्या अक्षरांत रंग भरत बसलेली शैला म्हणाली, "पळा, पळा. दुधाचं भांडं उतरवायला उठवत न्हाई, आन् गाड्या पळवत्यात."

आपण किती हसलो होतो. आणि तरी मी तुला थांब म्हणालो. नवीन मॉडेल येतंय, जुनं स्वस्त होईल. त्याआधी पाडव्यालाही तेच म्हणालो होतो. माझं म्हणणं दर वेळी बरोबर निघायचं, बाळू. तेच वाईट झालं.

श्रावणात एका संध्याकाळी तू एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन केलास. "दादा, शिडीवर चढलं की चक्कर येतीया. दोनदा झालं. मशीन आताच घेऊया का?"

मी पेपरचं पान लावत होतो. "दिवाळीनंतर बघू," म्हणालो, "किमती उतरतील."

"बरं," म्हणालास.

चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानाचा बोर्ड रंगवताना तू शिडीवरून पडलास. दिवाळी येऊन गेली. किमती उतरल्या.

तू भांडला का नाहीस? एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर. आता ऑफिसातला फोन उचलला, की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी मला ते 'बरं' ऐकू येतं. कधी कधी मी उत्तरही देतो. शेजारच्या टेबलावरचे बघत राहतात.

आज दुकानदारानं यादी वाचली. "जाणकार माणसानं केलेली दिसतीय. पण साहेब, महिनाभर थांबा, ह्याच्यापेक्षा भारी कार्ड येतंय." थांबतो, असं माझ्या ओठांवर आलंच होतं. शैला म्हणाली, "न्हाई. ह्यांनी लिवलंय तेच द्या."

रिक्षात तिनं दुकानाची पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "शिडीचा त्रास होतोय असं मला कधीच बोलले न्हाईत. तुमाला कधी बोललेले काय?"

मी रस्त्याकडे बघत 'नाही' म्हणालो.

मशीन शुक्रवारी तयार होईल. ते घरी यायच्या आधी मी शैलाला तो फोन सांगेन, हा माझा तुला शब्द. तू बोललास तसा आणि मी बोललो तसा, एकही शब्द न गाळता. त्यानंतर तिनं मला दारात उभं केलं नाही, तरी ते तिचं बरोबरच असेल. मशीन दुकानदार जोडून देईल. काम तिला येतं.

तुझा,
दादा