विरजण मागणाऱ्या बाया आणि नर्सबाईंची बदली

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, ता. पनवेल, जि. रायगड.

विषय : नर्सबाई चंद्रावती म्हात्रे यांची गव्हाणातून तातडीने बदली होणेबाबत.
संदर्भ : आपण परवा 'तोंडी नको, लेखी द्या' म्हणालात ते.

महोदय,

१. अर्जदार दयाराम घरत, राहणार गव्हाण, सविनय कळवितो की, सदर बाईंनी घरभेटीस आल्या असता अर्जदाराची पत्नी रमा हिच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला. ती जिन्यावरून पडली, असे अर्जदाराने अदबीने सांगितले. बैठ्या घराला जिना कुठला, असे बाईंनी चारचौघांत विचारले. अर्जदाराने माळ्याची शिडी दाखविली, तर बाईंनी त्यासच चढावयास लावले. शिडी मोडली. अर्जदाराचे ढोपर फुटले, दंडास मात्र खरचटलेही नाही, ही गोष्ट बाईंनी लिहून घेतली.

२. तेव्हापासून बाई येताच अर्जदाराच्या हाती बाटली देतात व लघवी तपासून आणण्यास एसटीने पनवेलला पिटाळतात. रिपोर्ट दर खेपेस चांगला येतो, तरी बाईंचे समाधान होत नाही. अर्जदार बाटली सांभाळीत स्टँडवर ताटकळत असताना इकडे बाई रमेपाशी बसून, घरात भीती वाटते का, नवरा मारतो का, असले नको ते विचारतात. ती रडली तरी उठण्याची घाई करीत नाहीत.

३. बाईंच्या शिकवणीवरून, अर्जदाराने हात उगारला की रमा ताट वाजविते. लगेच शेजारीण सोनाबाई आळीतल्या बाया घेऊन "विरजण हाय का नाय?" करीत दारात हजर! अर्जदाराकडे म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. तरी त्या वाट्या घेऊन ठाण मांडून बसतात. परवा मांजराने ताट पाडले, अर्जदार बिचारा झोपलेला, तरी आल्या. स्वतःच्या घरात बायकोवर हात टाकायची सोय राहिली नाही, हा कुठला न्याय?

तरी बाईंची बदली उरणच्या पलीकडे, जमल्यास समुद्रातच करावी, ही विनंती.

आपला नम्र व गांजलेला,
दयाराम घरत (डाव्या अंगठ्याची निशाणी)
दि. १४ नोव्हेंबर १९९१

सोबत : बाटली, रिकामी.

ता. क. : अर्जदारास लिहिता येत नाही. अर्ज मी, त्याची बायको रमा, सातवी पास, हिने लिहिला. 'हात उगारला' असे तो बोलला नव्हता, 'समजावले' असे बोलला होता. मी खरे ते लिहिले, वाचून दाखविताना मात्र त्याचेच शब्द वाचले आणि अंगठा घेतला. साहेब, आमच्या बाईंना हलवू नका. एवढ्या लांब पायी येतात, त्यांना एक सायकल द्या. काल पलीकडच्या घरी ताट वाजले. मीही वाटी घेऊन गेले होते.