नावापुरत्या मालकाची शेवटची इच्छा

मी, ज्याला बाजारात 'टॉवेलवालीचा' आणि घरात 'भडक्या' म्हणतात, वय बावीस, शिक्षण कायद्याचे दुसरे वर्ष (अर्धवट), आज शुद्धीत, पोटभर जेवून, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे का, असे आई आत्ताच बाजूच्या खोलीतून विचारते आहे. आहे. तब्येतही ठणठणीत आहे. तरी मृत्युपत्र कशाला, ते कलम दोनमध्ये येईल.

कलम १. माझ्या नावावर एक व्हॅन, बाजारातला एक गाळा, सीमेपलीकडे माल नेण्या-आणण्याचा परवाना आणि या घरात छतापर्यंत रचलेले टॉवेल-चादरींचे गठ्ठे आहेत. यातले माझे काहीही नाही. कापड आई निवडते, भाव आई ठरवते, पलीकडच्या व्यापाऱ्यांशी आईच भांडते. माझे फक्त नाव. कारण बाईच्या नावावरचा माल सीमेवरच्या तपासणी नाक्यावर पोचला की पहिला प्रश्न येतो, "मालक कुठाय?" मीच, असे बाईने म्हटले की माल तपासणीच्या शेडमध्ये कुजत पडतो. म्हणून इथल्या प्रत्येक व्यापारी बाईने घरातला एखादा पुरुष मालक म्हणून उभा केलेला आहे. नवरा, भाऊ, दीर, नाहीतर माझ्यासारखा दिवटा.

मला कापडातले ओ का ठो कळत नाही. म्हणून आईने खूण ठरवली होती. साहेबांनी गठ्ठ्यावर हात ठेवून विचारले, की ती मागून एकदा खोकली तर टॉवेल, दोनदा खोकली तर चादरी. एकदा तिला खरोखरच सर्दी झाली. मी ऐकत गेलो आणि सांगत गेलो. टॉवेल. चादरी. टॉवेल आणि चादरी. साहेबांनी अख्खी व्हॅन रिकामी करायला लावली. परतताना आई म्हणाली, "देवानं तुला दोन कान दिले, मधे काहीतरी ठेवायचं राहिलं बघ."

कलम २. कारण. आमच्या गाळ्याच्या पायरीवर एक मुलगी बटणे आणि लेस विकते. तिला मी बटणवाली म्हणतो, तिच्यासमोर नाही. शेजारचा गाळा तिचाच होता, पण कागदावर मालक तिचे वडील. ते मागच्या वर्षी तापाने गेले, आणि भेटायला आलेली माणसे उठायच्या आत चुलत्यांनी गाळ्याला स्वतःचे कुलूप लावले. गाडी नेली, परवाना नेला. कायद्याने काय व्हायला हवे होते, ते मला दुसऱ्या वर्षापुरते ठाऊक आहे. पण कोर्टाचा निकाल येईपर्यंत तिला पिशव्या खांद्यावर मारून पायीच पलीकडे जावे लागते.

मी तिला म्हणालो, "तुझ्यासाठी मी जीव देईन."

ती बटणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दे की. पण आधी लिहून ठेव. नाहीतर उद्या तुझी आई माझ्याशेजारी याच पायरीवर बसेल. सरकून जागा देईन मी, पण पायरी अरुंद आहे."

माझे डोके भणाणले. आणि ती मला आणखीच आवडली. कागद त्याच दुपारी आणला.

कलम ३. सबब कलम एकमधील सर्व काही आईचे. धाकट्या काकांना त्यातली सुतळीसुद्धा मिळू नये. ते घरी येतात, नव्या टॉवेलाला हात पुसतात आणि म्हणतात, "शेवटी घराण्याचाच धंदा ना, वहिनी?" नाही, काका. हात पुसलेला तो टॉवेल मात्र आपणांस देतो. धुवून.

कलम ४. नाक्यावर मालकांसाठी पंख्याखालची खोली आहे. तिथे मी खुर्चीत बसतो, कोणी पाणी विचारते, आणि माझी आई बाहेर उन्हात व्हॅनला टेकून उभी असते. खुर्ची सरकारी, ती देता येत नाही. तिच्यावर बसण्याचा माझा हक्क मी आईला देतो. साहेबांनी हरकत घेतल्यास तिने आधी बसावे, मग ऐकून घ्यावे.

कलम ५. तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली मालकांच्या खोलीत. म्हणून आई आणि बाकीच्या बायका नाक्यावर जायच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. मी 'मालक' या नात्याने किल्ली मागून घेतली आणि बाजारातून तशीच दुसरी करून आणली. चोरी म्हणायची तर म्हणा. ही किल्ली सर्व व्यापारी बायकांची सामाईक मिळकत.

कलम ६. प्राचार्यांस. माझी हजेरी कमी होती, कारण मालक समोर असल्याशिवाय नाका माल सोडत नाही. आपण म्हणालात, "आईला सांग, बायकांनी घरबसल्या काहीतरी करावं." मी खुर्ची उचलली होती, फेकली नव्हती, एवढे नोंदवून ठेवतो. माझी कायद्याची पुस्तके ग्रंथालयास. जी सापडतील ती.

कलम ७. हे मृत्युपत्र लवकर निरुपयोगी व्हावे, हीच इच्छा. परवाना आईच्या नावे करायला मी मरण्याची गरज नाही, अर्ज पुरतो. ती इतकी वर्षे टाळत होती, एकटीला अडवतील म्हणून. परवा गाळ्यावर बायका जमल्या आणि बटणवाली म्हणाली, "एकटीला अडवतात ना? मग सगळ्या एकाच दिवशी जाऊ. सगळ्यांचा माल अडवून ठेवायला शेड तरी आहे का त्यांच्याकडे?" ठरले. उद्या सोमवार, सगळ्या स्वतःच्या नावाने अर्ज देणार. नवे परवाने हातात येईपर्यंत मला काही झालेच, तर हा कागद पहारा देईल.

पुरवणी. सही करताना लिहिली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी शिकलो आहे. म्हणून बटणवालीच्या नावे वर काहीही ठेवले नव्हते, कारण साक्ष तिची हवी होती. ती आली, सगळे वाचले, पेन उघडले आणि विचारले, "साक्षीदाराला काहीच मिळत नाही?"

"नाही."

तिने पेनाचे टोपण लावले. "मग दुसरा साक्षीदार बघ."

सबब व्हॅनमधली पुढची, खिडकीजवळची जागा बटणवालीला. ही तरतूद माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्या सकाळपासून लागू. व्हॅन आईची, म्हणून तिची संमती मागितली: हो असेल तर एकदा खोक, नाही तर दोनदा. ती बाजूच्या खोलीतून एकदाच खोकली. तिला सर्दी झालेली नाही, याची खात्री करून हे लिहितो.

साक्षीदार १: समोरचा चहावाला (सही)
साक्षीदार २: ~~बटणवाली~~ व्हॅनचा मिस्त्री (सही, बोटांना ग्रीस असल्याने जरा काळी)

स्थळ: गठ्ठ्यांमधली मोकळी जागा
दिनांक: अर्जाच्या आदला रविवार

सही: टॉवेलवालीचा, उद्यापर्यंत मालक