तीस नंबरचा कोट

२ मार्च

चि. कटिंग मास्तरांस,
अनेक आशीर्वाद. (अजून मास्तर झाला नाहीस ठाऊक आहे, पण होशील म्हणून आत्तापासून सवय करते.)

आधी शेवट सांगते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा नाही. आपला बारक्या घरी आहे, धडधाकट आहे. मंगळवारी शाळेत जातो म्हणून निघाला आणि वर्गातल्या दोघांबरोबर थेट सैन्यभरतीच्या छावणीत गेला. वय सोळा, सांगितलं अठरा. दाखला कुणी मागितलाच नाही, नुसता अंगात कोट चढवून पाहिला. सगळ्यांत लहान कोटाच्या बाह्यांतून याची बोटंसुद्धा दिसेनात. हवालदार पोट धरून हसला आणि म्हणाला, की कोट अंगाला बसेल तेव्हा ये. सोबतच्या दोघांना बसला, त्यांना ठेवून घेतलं.

तेव्हापासून पोरगा धड जेवत नाही. त्यांचे गुरुजी भरती झालेल्यांचे बाक रिकामे ठेवतात, त्यांवर कुणाला बसू देत नाहीत. उरलेली मुलं मागे दाटीवाटीने बसतात, गुन्हेगारासारखी. शेजारच्या काकूंनी काल मला विचारलं, की तुमचा अजून घरीच का. दुकानात औषधं काढून देताना माझं सगळं लक्ष रस्त्याकडे असतं. बारक्या दाराच्या चौकटीला लोंबकळतो आणि छाती फुगवून तुझ्या जुन्या टेपने मोजतो. तू त्याला चार शब्द लिही. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल असंही नाही, पण तुझं अक्षर चांगलं आहे.

वेळेवर जेवत जा, आणि आमच्यावर माया असू दे.
तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू आधी शेवट सांगितलास तरी मी तेवढ्या ओळी पुन्हा वाचल्या.

आता नीट ऐक. हे मी धंद्याचं सांगतो आहे, नुसता धीर द्यायचा म्हणून नाही. आमच्या कारखान्यात शिवतात तो सैन्याचा सगळ्यांत लहान कोट चौतीस छातीचा. मागच्या सुट्टीत बारक्याचा सदरा बेतला तेव्हा त्याची छाती तीस भरली, वहीत लिहून ठेवलेलं आहे. लोंबकळून हात दुखतात, छाती वाढत नाही. दोन वर्षं तरी त्याला तो कोट बसायचा नाही. तोवर लढाई संपेल. निर्धास्त झोप.

चूक माझीही आहे. तो सात वर्षांचा असताना उरलेल्या तुकड्यांचा छोटा गणवेश मीच त्याला शिवून आणला होता. सगळी गल्ली त्याला सलाम ठोकायची आणि आपण दोघं कौतुकाने हसायचो.

एक आनंदाची बातमी. आमच्या कटिंग मास्तरांनी मला पहिल्यांदाच स्वतंत्र नमुना बेतायला दिला. सैन्याच्या बँडमधल्या मुलांसाठी तीस नंबरचे कोट हवे आहेत म्हणे. कापडावर ठेवून आखायचा त्या मापाचा पुठ्ठा कारखान्यात नव्हताच. मग मी वही उघडली आणि खांदा, बाही, गळा, सगळी बारक्याचीच मापं घेतली. मास्तर म्हणाले, की सातवी नापास माणसाचं काम वाटत नाही. मी सातवी पास आहे, शाळा त्यानंतर सुटली.

बारक्याला वेगळं पत्र लिहितो आहे, तिसऱ्यांदा फाडलं. लोभ आहेच, तो काळजीपेक्षा जास्त असू दे.
तुझा भाऊ


२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे, चुका तपासलेल्या नाहीत. पत्र मिळताच बारक्याला मावशीकडे पाठव. तो नाही म्हणाला तर तू स्वतः घेऊन जा.

आज पेट्या भरायला माणसं कमी होती म्हणून मी खाली गेलो. तीस नंबरच्या कोटांच्या पेट्यांवर भरतीच्या छावण्यांचे पत्ते होते. दोन हजार कोट, ताई. इतके बँडवाले कुठल्या सैन्यात असतात? मास्तरांना विचारलं. ते खडूला धार काढत राहिले. म्हणाले, की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला सांगितलं असतं तर माझा हात थरथरला असता आणि कापड वाया गेलं असतं.

पहिल्या पेट्या जाऊन आठ दिवस झाले. मी माझा पुठ्ठा फाडायला गेलो. जाड होता, नुसता वाकला. आणि त्यावरून काढलेल्या चार प्रती दुसऱ्या टेबलांवर आहेत.

तुला निर्धास्त झोप म्हणालो होतो. झोपू नकोस. त्याच्यावर लक्ष ठेव.
तुझा भाऊ


११ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. ताई मला मावशीकडे घेऊन जाणार होती, त्याच सकाळी मी मागच्या दाराने निघालो. छावणीत नवे कोट आलेत. माझा असा बसला, की हवालदाराने लगेच नाव लिहून घेतलं. खांदा तंतोतंत, बाही मनगटावर. इतर पोरांचे कुठे ना कुठे लोंबतात, फक्त माझा नाही. नशीब लागतं!

इथे पोत्यांना जुने कपडे घालून टांगतात आणि संगीन खुपसायला शिकवतात. खुपसताना आधी मी फार हळू ओरडायचो, म्हणून जेवण बंद केलं. आता चांगला ओरडतो. माझ्या आधी भरती झालेला बाकावरचा सोबती घरच्या आठवणीने रडला, तर त्याला बुटांची माळ घालून मैदानात फिरवलं. सगळे हसले. मीही हसलो.

ताईला समजाव. गुरुजींना सांग, की माझाही बाक रिकामा ठेवा.
तुझा (आता बारक्या म्हणायचं नाही)


१९ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

म्हणायचं नाही म्हणालास, तरी म्हणतो.

तुझ्या पत्रात अक्षराची एकही चूक नाही. मीही हसलो, हे वाक्य मात्र मी चार वेळा वाचलं. तू असं लिहिलं आहेस, जणू उत्तीर्ण झालास. जमलं तर त्या मुलाशेजारी जेवायला बस. काही बोलायला नको, नुसता बस.

कोट बसला त्यात नशीब नाही. तो तुझ्याच मापावर बेतलेला आहे. वहीतून माप मी काढलं, पुठ्ठा मी कापला, आणि चांगला कापला म्हणून खूशही झालो. ताईला सगळं कळवलं. तीन पत्रं लिहिली, तिचं उत्तर नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही लिहिलं नसतं.

मी अजून त्याच टेबलावर आहे. आता सैन्याने अठ्ठावीस नंबर मागितला आहे. मास्तरांना म्हणालो, की त्या मापाचं माझ्या ओळखीत कुणी नाही. तर त्यांनी स्वतःच्या नातवाला उभं केलं. दोघांनी मिळून माप घेतलं. पोराला गुदगुल्या होत होत्या.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. कोटाच्या दोन्ही कुशींच्या शिवणीत आणि बाह्यांच्या दुमडीत आतून दीड दीड इंच कापड सोडलेलं आहे. इतकं कशाला, म्हणून मास्तर ओरडले होते. ही मुलं वाढतील, असं मी म्हणालो होतो. तूही वाढशील. कोट काखेत काचायला लागेल, बाह्या आखूड होतील. तेव्हा तिथल्या शिंप्याला हात लावू देऊ नकोस. मी उसवून मोठा करून देईन, अर्ध्या तासाचं काम आहे.

नुसता कोट पाठवू नकोस. माप घ्यायला माणूस समोर लागतं.

तुझा दादा