चोरीला न गेलेली मोटार

मी, बडेसाब हुसेनसाब नदाफ, वय ७१, धंदा यंत्रमागांचा जॉबर (दुरुस्ती कारागीर), राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकिलांनी यातली काही वाक्ये खोडली होती. ती मी परत लिहिली आहेत.

१. माझी पत्नी महेजबीन वारली आहे. मुलगा अतीक आणि मुलगी झीनत हे माझे वारस. राहते घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे त्यांची. झीनतने हिस्सा भावाला प्रेमाने सोडला, असा कागद तिच्याकडून करून घेऊ नये. असा कागद निघाल्यास तो प्रेमाने झालेला नाही, असे समजावे.

२. वारस सोडून इतरांना मला एक तृतीयांशापर्यंत देता येते. घरामागचा कारखाना, त्यातले चार माग आणि माझी हत्यारांची पेटी मिळून तृतीयांशापेक्षा थोडे कमीच भरते. हे सर्व मी ऋतुजा काळे, वय २२, आणि तिच्यासोबत काम करणारी तिच्या वस्तीतली सहा मुले-मुली यांना समान हिश्श्याने देतो. नावे मागच्या पानावर आहेत. ही सगळी पारधी आहेत. यांना शहरात कोणी कामावर ठेवत नव्हते. आज ती माग चालवतात, आणि बिघडला तर स्वतः दुरुस्त करतात.

३. हे दान नाही. कारण पुढीलप्रमाणे.

४. सन २००९ मध्ये मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चार कारखान्यांचे माग बघत होतो. जॉबर मागाची जळालेली मोटार काढतो, वाइंडिंगला, म्हणजे तार पुन्हा गुंडाळायला, देतो आणि मालकाला नंतर सांगतो. आमची पद्धत तशी. एका शनिवारी मी एका टॉवेल कारखान्यातली मोटार काढून दिली. झीनतचे लग्न चार दिवसांवर होते. मी विसरलो.

५. सोमवारी मोटार नाही म्हणून ओरड झाली. मागांवर सुताच्या कांड्या पोचवायला मानसिंग काळे होता, वय १९. पारधी वस्तीतून त्या कारखान्यात लागलेला पहिलाच. कोणी त्याचे नाव घेतले नाही. सगळे फक्त त्याच्याकडे वळले.

आम्ही चौघे होतो. रेवणप्पा हत्तुरे या विणकराने त्याचा उजवा हात मागाच्या चौकटीवर दाबून धरला. मी लाकडी दांड्याने मारले. पहिल्या फटक्याला तो ओरडला. दुसऱ्याला बोटे वाकडी झाली. तिसऱ्याला, मी घेतली, म्हणाला. कुठे ठेवली, असे विचारल्यावर त्याने तीन वेगवेगळ्या जागा सांगितल्या. बाकी दोघांनी लाथा घातल्या. एक दात कापसाच्या धुळीत पडला.

चौथ्या फटक्याला मला मोटार आठवली.

मी आणखी दोन मारले.

६. इस्पितळात मी त्याला बघायला गेलो. त्याने विचारले, "मोटार गावली का, चाचा?" मी म्हणालो, "न्हाय." त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. हातात पुन्हा पकड आली नाही.

७. ती मोटार मी नंतर गुपचूप सोडवून आणली, ती माझ्या घरी माळ्यावर पोत्यात आहे. वाइंडिंगवाल्याची पावतीही आहे. पावतीवर शनिवारची तारीख आहे. हे दोन्ही कोणाही वारसाचे नाही. मानसिंगचा गुन्हा पुसण्यासाठी मी प्रतिज्ञापत्र केले आहे, त्यासोबत ते कोर्टात जावे.

८. ऋतुजा मानसिंगची बहीण. चार वर्षांपूर्वी माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मी मानसिंग काळेची बहीण हाय. मागनं कळून हाकलायचं असंल तर आत्ताच हाकला." मी ठेवले. काम शिकवले. मारणाऱ्यांची नावे मानसिंगने घरी कधी सांगितली नाहीत, म्हणून ती मला चांगला माणूस समजते. हा माझ्यावरचा सर्वांत जड बोजा आहे.

कारखान्याची किल्ली मी ऋतुजाकडे ठेवली, तेव्हा अतीक म्हणाला, "अब्बा, चोरां को चाब्या देते क्या?" आणि तिच्याकडे किल्ली मागितली. तिने दिली नाही. त्याने तिला पान्याने खांद्यावर मारले. तिने हातातला मागाचा धोटा त्याच्या तोंडावर हाणला. धोट्याच्या टोकाला लोखंड असते. अतीकच्या भुवईवर सात टाके आहेत. त्यांची भरपाई माझ्या इस्टेटीतून मागता येणार नाही.

९. मागमालकांच्या संघाने आजवर या मुलांना बैठकीत दाराशी उभे केले. कारखाना त्यांच्या नावावर झाल्यावर ती सभासद होतील. त्यांनी खुर्चीवर बसावे आणि मत द्यावे. कोणी उठायला सांगितल्यास उठू नये.

१०. गेल्या महिन्यात मी टेंभुर्णीला गेलो. मानसिंग तिथे टायरच्या दुकानात हवा भरतो. त्याला हा मसुदा वाचून दाखवला आणि साक्षीदार म्हणून सही मागितली. त्याने आधी समोरच्या ट्रकच्या सगळ्या चाकांत हवा भरली. मग म्हणाला,

"मेल्यावर खरं बोलनार व्हय, चाचा? मंग मजा हाय तुमची. शिव्या खायाला तुमी नसनारच की."

मी कागद आणि पेन त्याच्यापुढे धरले.

"आन् मला साक्षीदार करता? मी तर अर्ध्यात बेशुद्ध पडलो. ज्यानं हात धरलता त्याला बोलवा. त्यानं सगळं बगितलंय."

११. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघणार नाही. उद्या सकाळी माग सुरू होण्याआधी मी ऋतुजाला स्वतः सांगेन. तिने मला मारल्यास पोलिसांनी दखल घेऊ नये. तिने हिस्सा नाकारल्यास तो उरलेल्या सहा जणांचा.

येत्या रविवारी संघाच्या बैठकीत कलम ४ ते ७ मी उभा राहून मोठ्याने वाचेन. मोटार टेबलावर असेल. त्यानंतर माझ्याशी कोणी कसे वागावे, याबद्दल माझी कोणतीही अट नाही.

सोलापूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५
(सही) बडेसाब हुसेनसाब नदाफ

साक्षीदार १: विजयमाला माने, निवृत्त शिक्षिका, भवानी पेठ. बडेसाब यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: रेवणप्पा हत्तुरे, विणकर, राहणार अक्कलकोट. माझ्यासमोर सही केली. हात मी धरला होता. चौथ्या फटक्याला बडेसाबचा चेहरा उतरला, तेव्हाच मी समजलो की पोराने मोटार घेतलेली नाही. मी हात सोडला नाही.